इनामाचा पैसा कोठून येतो? : सातारा-सांगलीतील ई-स्पोर्ट्स आणि जुनी मैदाने

संगणकावर किंवा मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या खेळांच्या ज्या स्पर्धा ठरलेल्या नियमांनी, पंचांच्या देखरेखीखाली आणि प्रेक्षकांसमोर होतात, त्यांना ई-स्पोर्ट्स असे म्हटले जाते. विरंगुळ्यासाठी खेळणे आणि पैसे लावून खेळणे या दोहोंपासून ही संज्ञा वेगळी ठेवावी लागते. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत हा प्रकार प्रात्यक्षिक म्हणून खेळवला गेला, डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने तो क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणला आणि २०२३ मध्ये हांगझोऊ येथे त्यासाठी पदकेही दिली गेली. वरच्या पायऱ्या अशा बांधून झाल्या असल्या, तरी सातारा आणि सांगली यांसारख्या जिल्ह्यांतून तेथवर चढून जाण्यासाठी खालच्या पायऱ्या कोणी बांधायच्या, हा प्रश्न उरतोच. येथे खेळाडूंची वानवा नाही. वानवा आहे ती मैदान भरवण्याच्या रीतीची, आणि गंमत अशी की ही रीत याच मातीत शंभराहून अधिक वर्षे मुरलेली आहे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर इंटरनेट स्वस्त झाले, आणि खेळासाठी लागणारा महागडा संगणक ज्या घरांत कधीच आला नसता त्या घरांतील मुलांच्या हाती मोबाइलवरून खेळ आला. त्यामुळे गावपातळीवरची स्पर्धा ही प्रामुख्याने मोबाइलची, त्यातही बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया ऊर्फ बीजीएमआय या खेळाची असते. चार जणांचा एक संघ, असे सोळा संघ एका नकाशावर उतरतात, खेळाचे क्षेत्र हळूहळू आवळत जाते आणि शेवटी टिकणारा संघ जिंकतो. अधिकृत गुणपद्धतीत पहिल्या क्रमांकाला १० गुण आणि बाद केलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्यामागे १ गुण मिळतो. आयोजक खेळातच एक खासगी खोली उघडतो, जिला खेळाडू ‘कस्टम रूम’ म्हणतात, आणि सामना सुरू होण्याच्या थोडा वेळ आधी तिचा ‘आयडी-पास’, म्हणजे क्रमांक आणि पासवर्ड, व्हॉट्सॲप गटावर टाकतो. सामना संपला की निकालाचे स्क्रीनशॉट गोळा होतात, कोणीतरी गुणांची बेरीज करतो, आणि मग वाद सुरू होतात : अमुक खेळाडू नोंदवलेल्या नावाने खेळला नाही, तमुक जण संगणकावर मोबाइलचा आभास निर्माण करून खेळला, ‘पिंग’ वाढल्यामुळे गोळी उशिरा सुटली. पिंग म्हणजे खेळाडूच्या यंत्राकडून निघालेला संदेश कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास लागणारा वेळ. तो मिलिसेकंदांत मोजला जातो आणि एकाच गल्लीतील दोन घरांत वेगळा असू शकतो. हा वाद जागेवर सोडवणारा पंच नसल्यामुळे आयोजकाचा शब्द हाच निकाल ठरतो.

अधिक गंभीर प्रश्न पैशाचा आहे. समजा, सोळा संघांकडून प्रत्येकी २०० रुपये प्रवेश फी घेतली, तर ३,२०० रुपये जमतात. त्यांतून पहिल्या संघाला १,५०० आणि दुसऱ्याला ७०० रुपये दिले की १,००० रुपये आयोजकाकडे उरतात. उरलेल्या चौदा संघांच्या दृष्टीने ही स्पर्धा भिशीपेक्षाही वाईट ठरते, कारण भिशीत पैसे कधीतरी परत येतात. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळवल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला स्वतंत्र ओळख दिली. प्रवेश फी घेण्यास मुभा ठेवली, पण ती केवळ प्रवेशासाठी किंवा व्यवस्थेच्या खर्चासाठी. कामगिरीवर आधारित बक्षीस देता येते, मात्र पैज चालत नाही. खेळाडूंच्याच फीमधून इनाम काढण्याची सवय या रेषेच्या किती जवळ जाते, हे वरच्या हिशेबावरून दिसते.

कुस्तीच्या मैदानात पैशाची दिशा नेमकी उलटी असते. पलूस तालुक्यातील कुंडलसारख्या गावांत मैदान भरते तेव्हा मल्ल लढण्यासाठी पैसे भरत नाही. इनाम गावाची वर्गणी, देणगीदार, कारखाने आणि यात्रा कमिटी यांच्याकडून उभे राहते. सुरुवात लहान पोरांच्या, रेवड्यांवरच्या म्हणजे इनामात रेवड्याच मिळणाऱ्या कुस्त्यांनी होते, मग शेकड्यांच्या, मग हजारांच्या आणि संध्याकाळी उन्हे उतरल्यावर पहिल्या क्रमांकाची कुस्ती लागते. जोड हात धरून आखाड्यात फिरवली जाते, हलगी घुमते, निवेदक मल्लाचे गाव, वस्ताद आणि तालीम यांची नावे पुकारतो, आणि एखाद्या पोराचा डाव मनात भरला की बघणाऱ्यांपैकी कोणीतरी उठून त्याच्या मातीने माखलेल्या हातात नोट ठेवतो. कुस्ती निकाली झाली नाही तर ती बरोबरीत सोडवण्याचा अधिकार पंचाचा असतो आणि तो जाहीरपणे, दोन्ही गावांच्या देखत वापरला जातो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला जाऊन कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले, त्यामागेही लोकवर्गणीचा मोठा हात होता. रेवड्यांवर लढलेला पोरगा पुढच्या वर्षी शंभरावर लढतो, ही शिडी कोणत्याही कागदावर लिहिलेली नसूनही सर्वांना पाठ असते. मोबाइलच्या स्पर्धेत मात्र नवशिका संघ पहिल्याच दिवशी मुरलेल्या संघासमोर उभा राहतो, पाच मिनिटांत बाद होतो आणि पुन्हा येत नाही.

सांगलीच्या बुद्धिबळाने आणखी एक गोष्ट दाखवली. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी या शहरात स्पर्धांचा जो नेम लावला, त्याच वातावरणातून पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या भाग्यश्री साठे-ठिपसे पुढे आल्या आणि १९८७ मध्ये पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. बुद्धिबळातही प्रवेश फी असते, हे मान्य करावे लागेल. पण मानांकित स्पर्धा संपल्यावर हरलेल्याच्या नावासमोरही मानांकनाचा एक आकडा उरतो आणि तो पुढच्या स्पर्धेत त्याच्याबरोबर जातो. व्हॉट्सॲप गटावरील स्पर्धेची नोंद गट मोडला की संपते.

ई-स्पोर्ट्सची एक अडचण मात्र कुस्ती-बुद्धिबळाला ठाऊक नाही. लाल माती किंवा चौसष्ट घरांचा पट कोणा कंपनीच्या मालकीचा नसतो. मोबाइलवरील खेळ मात्र कंपनीच्या मालकीचा असतो, आणि त्याची स्पर्धा भरवायची तर मालकाच्या अटी पाळाव्या लागतात. २ सप्टेंबर २०२० रोजी पब्जी मोबाइलवर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये त्याच्या जागी बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये तोही ॲप दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. या काळात ज्यांची ओळख एकाच खेळाशी बांधलेली होती ते गट विखुरले. बैलगाडा शर्यतींचे उदाहरण येथे उपयोगी पडते : सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर अनेक वर्षे बंद असलेल्या या शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने परवानगी देताच पुन्हा भरू लागल्या, कारण बैल दावणीला होते, गाडीमालक एकमेकांना ओळखत होते आणि गट, सेमी, फायनल ही रीत कोणी विसरले नव्हते. ‘गट पास झाला’ हे शब्द माण-खटाव आणि खानापूर-आटपाडीकडे लहान मुलालाही कळतात. पात्रता फेरी समजावण्यासाठी वेगळी परिभाषा लागत नाही.

कुस्तीची आणि शर्यतींची हीच मैदाने आज यूट्यूबवर थेट दाखवली जातात, आणि त्यासाठी लागणारे कॅमेरेवाले, मोठा पडदा, जनरेटर व तासन्‌तास न थकता बोलणारे निवेदक गावांत उपलब्ध आहेत. सांगलीचे वालचंद (१९४७) आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) यांच्यासारख्या संस्थांत पंच म्हणून बसू शकतील, गुणतक्ते ठेवू शकतील आणि सर्वांना एकाच सभागृहात एकाच जोडणीवर खेळवू शकतील असे विद्यार्थी आहेत. ई-स्पोर्ट्सचे मैदान याच रीतीने भरवायचे तर वेळापत्रकाची गाठ तेवढी अवघड : यात्रांचा हंगाम चैत्र-वैशाखात, नेमका परीक्षांच्या तोंडावर येतो, त्यामुळे महाविद्यालयांसाठी दिवाळीची सुट्टी सोयीची. शाळकरी मुलांचा, रेवड्यांच्या तोडीचा गट मात्र यात्रेतच भरवता येईल. कुस्त्यांच्या दुसऱ्या दिवशी मंडप तसाच उभा असतो, पडद्याचे भाडे आधीच दिलेले असते आणि वर्गणीच्या वहीत इनामासाठी आणखी एक ओळ घालण्यापुरती जागा असते.