बॅटरी बदलण्याआधी

मोटरहोममध्ये सहसा दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करते, दुसरी आतले दिवे, पाण्याचा पंप आणि पंखा चालवते. इंजिन झटक्यात सुरू होतं, पण रात्री दिवे मिणमिणतात, असं झालं की लोक थेट नवी बॅटरी आणायला धावतात. त्याआधी मल्टिमीटर हाती घ्या.

चार्जिंग आणि उपकरणं बंद करा, काही तास थांबा आणि व्होल्टेज मोजा. १२ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर साधारण १२.६ दिसले तर ती भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी होत आलेली. लिथियम बॅटरीला हे आकडे लागू नाहीत.

आता इंजिन चालू करा. बहुतेक गाड्यांत आकडा १३.५ च्या वर चढतो. तो हललाच नाही, तर चार्जिंग बॅटरीपर्यंत पोचतच नाही. अशा वेळी फ्यूज आणि दोन बॅटऱ्यांना जोडणारा रिले तपासा.

आकडे ठीक, तरी दिवे मंद? मग पंप चालू ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरं चासीवर टेकवा. शून्याच्या जवळपास आकडा हवा. एक व्होल्ट दिसला तर अर्थिंगचा जोड गंजलेला असणार. ०.१ ओहमच्या गंजक्या जोडातून १० अँपिअर गेले की ओहमच्या नियमानुसार १ व्होल्ट तिथेच खर्ची पडतो आणि १० वॅटची उष्णता तयार होते. जोड घासून घट्ट आवळा.

आणि फ्यूज वारंवार उडत असेल, तर जास्त अँपिअरचा बसवू नका. मग फ्यूजऐवजी वायर जळेल.