मनाचा आजार आणि माणसाचा सांभाळ

शरीराला आजार होतो, हे सर्वांना मान्य आहे. मनालाही आजार होतो, हे मात्र शिकलेल्या माणसालाही सहजासहजी पटत नाही. ताप आला की आपण दवाखाना गाठतो. परंतु घरातला कर्ता मुलगा अबोल झाला, रात्र रात्र जागू लागला, भिंतीकडे पाहून पुटपुटू लागला, की आपली पावले दुसरीकडे वळतात. आपल्या सीमाभागात अशा माणसाला मराठी बोलणारे 'वेडा' म्हणतात, कन्नड बोलणारे 'हुच्च' म्हणतात. कोणी करणी झाली म्हणते, कोणी 'देव्व' लागले म्हणते. भाषा दोन असल्या तरी समजूत एकच, आणि त्या समजुतीपायी उपचाराची मोलाची वर्षे निघून जातात. म्हणून हा आजार म्हणजे काय आणि तो झालेल्या माणसाला घरात, रुग्णालयात किंवा आश्रमात कसे सांभाळावे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

आजाराचे स्वरूप

मनोविकार एक नव्हे, अनेक आहेत. नैराश्यात माणसाची झोप आणि भूक जाते, कशात रस उरत नाही, जगणे ओझे वाटू लागते. उन्मादात उलट घडते. माणूस अखंड बोलतो, झोपेची गरज त्याला वाटत नाही, हातातला पैसा उधळतो. छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, हा यांतला सर्वांत गैरसमज झालेला विकार. यात कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत असे ठामपणे वाटते, आणि हळूहळू अंघोळ, कपडे, कामधंदा यांकडे दुर्लक्ष होते. जगात दर ३०० माणसांमागे सुमारे एकाला हा विकार असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बहुधा तो ऐन तारुण्यात, म्हणजे महाविद्यालयीन वयात किंवा त्यानंतर थोड्याच वर्षांत सुरू होतो. आपल्या वर्गातला हुशार मुलगा एकाएकी मागे पडू लागला, मित्रांना टाळू लागला, तर त्याला आळशी ठरवण्यापूर्वी ही शक्यता ध्यानात घ्यावी.

या आजाराचे कारण एका शब्दात सांगता येत नाही. मेंदूतील रसायनांचे बिघडलेले प्रमाण, अनुवंश आणि जीवनातील ताण हे सारे मिळून तो घडतो. आईबापांच्या पापामुळे तो होत नाही आणि लग्न लावून दिल्याने बराही होत नाही. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जोराचा ताप, थायरॉईडचा विकार, रक्तातील क्षार कमी होणे किंवा सततची दारू एकदम बंद होणे, यांमुळेही माणूस बरळतो. म्हणून पहिली तपासणी शरीराची व्हावी.

उपचाराची वाट

औषधांचा इतिहास आपल्याला अभिमान वाटावा असा आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पूर्वापार वेडावर दिली जाई. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा उपयोग वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देण्यात आले आणि जगभरच्या मनोरुग्णालयांचे रूप पालटू लागले. ज्यांना जन्मभर कोंडून ठेवावे लागे, त्यांतले पुष्कळजण घरी राहू शकतील, हे प्रथमच दिसून आले.

आपल्या कर्नाटकाने या कामात पुढचे पाऊल टाकले. १९७४ साली बंगळूरला निम्हान्स ही संस्था उभी राहिली. तिने १९८५ च्या सुमारास बळ्ळारी जिल्ह्यात एक प्रयोग हाती घेतला. सुमारे २० लाख वस्तीच्या त्या जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साध्या डॉक्टरांना आणि आरोग्यसेवकांना मनोविकार ओळखण्याचे आणि औषध देण्याचे शिक्षण देण्यात आले. मोठ्या शहरातील तज्ज्ञाची वाट न पाहता रुग्णाला आपल्या गावाजवळ उपचार मिळू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. १९९६ साली देशभर सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम याच पायावर उभारला गेला. तरीही निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की, बहुतेक मनोविकारांत दर १० रुग्णांपैकी ७ किंवा अधिक जण उपचाराविना राहतात.

श्रद्धा आणि साखळी

आपल्या जिल्ह्यातील गाणगापूरला दत्तप्रभूंच्या पायाशी दुरून दुरून माणसे येतात. बाधा झाली म्हणून आणलेले रुग्णही त्यांत असतात. या श्रद्धेची टिंगल करून काही साधत नाही. थकलेल्या कुटुंबाला तेथे धीर मिळतो, हेही खरे. परंतु धीर आणि औषध यांत विरोध मानण्याचे कारण नाही. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात मुजावरच रुग्णांना मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवू लागले; दवा आणि दुवा एकत्र चालल्या.

विरोध करावयाचा तो साखळीला. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली. तेथील रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही आणि २८ जणांचा मृत्यू झाला. त्यांच्या नातेवाइकांनी त्यांना बरे व्हावे म्हणूनच तेथे ठेवले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास कोणत्याही परिस्थितीत मनाई केली आहे.

सांभाळ म्हणजे काय

मनोरुग्णाला आश्रमात किंवा रुग्णालयात ठेवले म्हणजे सांभाळ झाला, असे नाही. सांभाळ हे रोजचे, बारीकसारीक काम आहे. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा.

पहिली गोष्ट औषधाची. ही औषधे हळूहळू लागू पडतात, कित्येकदा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटू लागले की रुग्ण आणि घरचे लोक दोघेही ती सोडून देतात आणि काही महिन्यांत आजार उलटतो. हातपाय कडक होणे, थरथर, लाळ गळणे, झोप किंवा वजन वाढणे असे त्रास होऊ शकतात. ते डॉक्टरांना सांगावेत, मात्रा बदलता येते. परंतु आपल्या मनाने गोळी बंद करू नये. औषध चोरून जेवणात घालण्यापेक्षा विश्वासात घेऊन देणे दीर्घकाळ उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट बोलण्याची. रुग्णाला ऐकू येणारे आवाज त्याच्यापुरते खरे असतात. 'काही नाही, उगाच बोलतोस' असे म्हटल्याने तो अधिकच एकटा पडतो. त्याच्या भ्रमाला होकार देऊ नये, वादही घालू नये. 'मला ते ऐकू येत नाही, पण तुला भीती वाटते आहे हे मला दिसते', एवढे म्हणणे पुरे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन यांच्या संशोधनात असे आढळले की, ज्या घरांत रुग्णावर सतत टीका आणि राग होतो, तेथे आजार अधिक वेळा उलटतो. पुढे चंडीगडला झालेल्या अभ्यासात भारतीय कुटुंबांत अशी टीका लंडनपेक्षा कमी आढळली. तो आपला ठेवा आहे, तो जपला पाहिजे.

तिसरी गोष्ट दिनक्रमाची आणि कामाची. ठरल्या वेळी उठणे, अंघोळ, जेवण, थोडे बागकाम, दळण निवडणे, गाईगुरांची देखभाल, यांनी विस्कटलेले मन सावरते. मात्र काम सक्तीचे नसावे. निवासी रुग्णाकडून काम करून घेतल्यास त्याचा योग्य मोबदला द्यावा, असे कायदा म्हणतो. त्याच्या इच्छेविरुद्ध डोके भादरू नये, त्याला स्वतःचे कपडे घालू द्यावेत, हेही त्याच कायद्यात लिहिले आहे. ज्याने कधी केस कापून, एकसारखे कपडे चढवून उभी केलेली रुग्णांची रांग पाहिली असेल, त्याला या कलमांचे मोल समजेल.

चौथी गोष्ट सांभाळणाऱ्याची. आई किंवा पत्नी वर्षानुवर्षे एकटीच हे ओझे वाहते. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू देऊन रुग्णाजवळच राहू दिले. शुश्रूषा पाहून ते शिकले आणि रुग्ण लवकर घरी जाऊ लागले.

घरची वाट

आश्रमाचा खरा हेतू माणूस घरी परत जावा हा असतो. मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांना एकदा रस्त्यावर एक तरुण करवंटीने गटारातील पाणी पिताना दिसला. उपचारानंतर तो आंध्र प्रदेशातील चांगल्या घरचा, शिकलेला मुलगा असल्याचे कळले. अशा अनुभवांतून १९८८ साली त्यांनी 'श्रद्धा' ही संस्था स्थापन केली. कर्जत येथील तिच्या केंद्रात रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार होतात आणि ठिकाणा लागला की कार्यकर्ते त्यांना घरी पोचवतात. २०१८ साली डॉ. वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर ७००० हून अधिक माणसे आपल्या घरी परतली होती.

ठिकाणा लागतो तो बहुधा भाषेमुळे. मराठी माणूस आजारपणात गाडीत बसून दूर तमिळ मुलखात उतरला, की त्याचे शुद्ध बोलणेही तेथे वेड्याची बडबड ठरते. आपल्या भागातून मुंबईहून दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग जातो. अशी माणसे कलबुर्गी आणि सोलापूरच्या फलाटांवर उतरतात, आळंद किंवा उमरग्याच्या बसस्थानकावर बसून राहतात. विद्यार्थी मित्रहो, आपल्याला घरची मराठी, बाजारातली कन्नड आणि शेजारची दख्खनी येते. अशा माणसाजवळ बसून त्याच्या भाषेत गावाचे, आईचे, नदीचे नाव विचारणे, हे आपल्याइतके चांगले कोणाला जमेल? निराधार मनोरुग्ण आढळल्यास त्याला संरक्षण देणे आणि २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. आपण पोलिसांना कळवावे. सल्ल्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानसचा विनामूल्य क्रमांक सुरू झाला असून तेथे मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत बोलता येते. मनात जीव देण्याचे विचार येणाऱ्यानेही, तो आपल्यापैकीच कोणी असला तरी, तेथे बोलण्यास संकोच करू नये.

'वेडा' आणि 'हुच्च' हे दोन्ही शब्द माणसाचे नाव पुसून टाकतात. सांभाळाची सुरुवात ते नाव विचारण्यापासून होते.