गेम करता करता शिकलेलं भौतिकशास्त्र

मार्च २०२० मध्ये बारावीचा शेवटचा पेपर झाला आणि आठवडाभरात लॉकडाऊन लागला. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या गल्लीतला यंत्रमागांचा खडखडाट पहिल्यांदाच थांबला. आम्ही पोरांनी तेव्हा मनसोक्त पबजी खेळलं आणि बी.एस्सी.चे फॉर्म भरले. २ सप्टेंबरला पबजीवर बंदी आली. मित्र फ्री फायरकडे वळले. त्याच वर्षी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा गेम बाहेर आला, आणि असे खेळ आपल्याकडेही होतात हे मला कळलं. घरात जुना लॅपटॉप होता. अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सुर यांनी २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलेलं गोडो हे गेम इंजिन फुकट होतं आणि त्या लॅपटॉपवर चालतही होतं. तिथून माझे गेम सुरू झाले.

पुढची वर्षं एकाच चालीत गेली. सकाळी तास, दुपारी प्रॅक्टिकल, रात्री कोड. मध्येच नळाला पाणी आलं की लॅपटॉप बाजूला ठेवायचा आणि बॅरल भरायचे. ‘‘काय करलालास बे रात्रभर?’’ असं मित्र विचारायचे. त्यांच्यासोबत खेळणं मी कधी सोडलं नाही आणि त्या खेळण्यातूनही शिकायला मिळालं. उदाहरणार्थ, गेममधल्या उडीला ९.८ चं गुरुत्वत्वरण दिलं की पात्र फुग्यासारखं तरंगतं. तीन मीटरची उडी ०.४ सेकंदात माथ्यावर पोहोचायची असेल, तर गणित ३७.५ वर जातं, म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ चौपट. हाताला बरोबर वाटणारी उडी पृथ्वीवरची नसतेच.

सगळ्यात जास्त शिकवलं ते स्प्रिंगने. दुसऱ्या वर्षी मला गेममध्ये झुलता पूल हवा होता. लॅबमध्ये स्प्रिंगला वजन लावून दोलनकाल मोजायचा प्रयोग प्रत्येकाने केलेला असतो. तिथं दोलन हळूहळू मंदावतं. कॉम्प्युटरवर उलटं घडतं. गेम सेकंदाला साठ वेळा हिशेब करतो : बलावरून त्वरण, त्वरणावरून वेग, वेगावरून नवी जागा. ऑयलरची सरळ पद्धत वापरली, म्हणजे जागा जुन्याच वेगाने पुढं सरकवली, की दर हिशेबाला थोडी ऊर्जा कुठूनही न येता वाढते. सेकंदाला दीडेक दोलनं करणारी स्प्रिंग घेतली, तरी तिची ऊर्जा एका सेकंदात चार-पाचपट होते. बघता बघता पूल स्क्रीनबाहेर जातो.

उपाय आहे दोन ओळींची अदलाबदल. आधी वेग बदलायचा, मग त्या नव्या वेगाने जागा. एवढ्यावर ऊर्जा थोडी वरखाली होत राहते, पण चढत जात नाही. असं का, याचं उत्तर हॅमिल्टनच्या यांत्रिकीत आहे. एम.एस्सी.ला फळ्यावर फेज स्पेस, म्हणजे जागा आणि संवेग एकत्र मांडणारा आलेख, आली तेव्हा वर्गातल्या अनेकांना ती कोरडी वाटली. मला नाही वाटली. तिथलं क्षेत्रफळ जपलं गेलं की पूल शाबूत राहतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

चित्रांच्या बाबतीत गुरू घरचेच मिळाले. मामा चादरीच्या कारखान्यात कामाला. चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर घरं रंगवून काढतात. जकार्डच्या पुठ्ठ्यावर त्यानुसार भोकं पाडतात. भोक असेल तिथं धागा उचलला जातो, नसेल तिथं नाही. फ्रान्समधल्या जकार्डने १८०४ च्या सुमारास बसवलेली ही युक्ती पुढे बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. म्हणजे कॉम्प्युटरचे पूर्वज आमच्या गल्लीतच चालू होते. मी मामांना सोळा बाय सोळा घरांतला मोर दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि मानेखालचं एक घर दाखवून म्हणाले, ‘‘हे काढ की.’’ काढलं, आणि मोराची मान डौलदार झाली.

२०२३ मध्ये मी केगावला सोलापूर विद्यापीठात एम.एस्सी.ला गेलो. त्याच जुलैत, १४ तारखेला, चांद्रयान-३ उडालं आणि महिना संपेपर्यंत पृथ्वीभोवतीच फिरत राहिलं. ‘‘सरळ का जात नाही रे ते?’’ वडिलांनी विचारलं. मी केर्बल स्पेस प्रोग्रॅम उघडला. मेक्सिकोत तयार झालेल्या या गेममधला ग्रह पृथ्वीच्या साधारण दहाव्या हिश्शाच्या त्रिज्येचा आहे, पण कक्षांचं गणित खरं आहे. यान ग्रहाच्या सर्वांत जवळ असताना इंजिन थोडं पेटवलं की कक्षेचं पलीकडचं टोक लांब सरकतं. पुढच्या फेऱ्यांत पुन्हा तेच. मोठं रॉकेट नसेल तर चंद्र असाच गाठावा लागतो. वडिलांनी स्वतः की दाबून पाहिली, टोक सरकताना पाहिलं आणि मग पुन्हा एकदा दाबली. त्या दिवसानंतर माझ्या गेमबद्दल घरात कुणी तक्रार केली नाही.

बाहेर मात्र गेम म्हणजे रमीच्या जाहिराती, असंच पुष्कळांच्या डोक्यात होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद करणारा कायदा केला आणि ई-स्पोर्ट्सला त्यांपासून वेगळं ठेवलं. हे फार आधी व्हायला हवं होतं.

भौतिकशास्त्र आणि व्हिडिओ गेम यांची ओळख काही आजची नाही. ऑक्टोबर १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने प्रयोगशाळा पाहायला येणाऱ्या लोकांसाठी ऑसिलोस्कोपवर टेनिसचा खेळ केला. चेंडूचा मार्ग ॲनालॉग कॉम्प्युटर काढायचा. लोकांनी त्याच्यापुढे रांगा लावल्या. आपल्या कॉलेजांतही ऑसिलोस्कोप असतो, पण त्याचं काम पुष्कळदा वारंवारता मोजून जर्नल पूर्ण करण्यापुरतंच राहतं.

म्हणून आपल्या कॉलेजांतल्या भौतिकशास्त्राच्या सरांना आणि मॅडमना एक विनंती आहे. प्रॅक्टिकलच्या यादीत एक प्रयोग वाढवा. स्प्रिंग आधी टेबलावर टांगू द्या, मग तीच स्प्रिंग मुलांना स्क्रीनवर करू द्या, आणि दोन्हींतला फरक जर्नलमध्ये लिहायला लावा. लागणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि लॅबमधल्या जुन्या कॉम्प्युटरवरही हा प्रयोग होऊ शकतो.