इमारत दिली, दिवाबत्तीचं काय?

अजिंठ्याच्या लेण्यांकडे निघालेल्या पर्यटकाची गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबते आणि पुढचे चारेक किलोमीटर त्याला बसने जावं लागतं. याच टी-पॉइंटजवळ जपानी कर्जाच्या मदतीने एक भव्य अभ्यागत केंद्र उभं राहिलं. लेण्यांमधल्या चित्रांना माणसांच्या गर्दीचा, श्वासाच्या दमटपणाचा त्रास होतो, म्हणून निवडक लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती इथे बांधल्या. २०१३ साली केंद्र सुरू झालं. पुढे विजेची आणि पाण्याची बिलं थकली, आणि कित्येक वर्षं त्या वास्तूला कुलूप राहिलं. कर्ज बांधकामासाठी मिळालं होतं, पण रोजच्या दिव्यापाण्याचा खर्च कोण करणार हा प्रश्न कुणाच्याच खात्यावर पक्का लिहिलेला नव्हता. हे केंद्र सरकारी होतं, धर्मादाय संस्थेचं नव्हतं. तरीही वंचितांसाठी काम करणाऱ्या संस्थांना इमारतीसाठी मिळणाऱ्या अनुदानाचा विचार इथूनच सुरू करावा असं मला वाटतं, कारण सरकारी महामंडळाला जे झेपलं नाही ते सोयगाव तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावर किंवा तडवी भिल्लांच्या वस्तीत वसतिगृह चालवू पाहणाऱ्या चार-पाच विश्वस्तांना झेपेल, असं आपण बिनदिक्कत गृहीत धरतो.

मुळात इमारतीसाठी पैसे द्यावेत का? द्यावेतच. समाजाने ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं त्यांच्या कामाला भाड्याची जागा सहज मिळत नाही, मिळाली तरी टिकत नाही. मुलं कोण आहेत हे कळलं की घरमालकाला अचानक स्वतःच्या पुतण्यासाठी खोल्या लागतात. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा, इमारती आणि वार्षिक नेमणुका दिल्या; अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचं मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ सालचं. महर्षी कर्व्यांच्या विधवाश्रमाला हिंगण्यात सहा एकर जमीन आणि झोपडीसाठी ७५० रुपये रावबहादूर गोखल्यांनी दिले, तेव्हा कुठे त्या कामाला हक्काचं छप्पर मिळालं. छत्रपती संभाजीनगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय १९५० साली सुरू केलं आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मिलिंद महाविद्यालयाच्या वास्तूची कोनशिला बसवली. मराठवाड्यातल्या दलित मुलांच्या किती पिढ्या महाविद्यालयाच्या त्या नागसेनवन परिसरातून शिकून बाहेर पडल्या! स्वतःची वास्तू असली की संस्थेला पत येते, पालकांना भरवसा वाटतो, आणि दर अकरा महिन्यांनी भाडेकरार करताना मान खाली घालावी लागत नाही.

माझा आक्षेप इमारतीला नाही, एकट्या इमारतीला आहे. आणि हे शहाणपण काही नव्याने शोधायचं नाही. फर्दापूरच्या पलीकडच्या वाघूर नदीच्या नालाकृती कड्यातली लेणी म्हणजे भांडवली दानांची मांदियाळीच आहे. दहाव्या लेण्याच्या दर्शनी कमानीवर वासिठीपुत्र कटहादी नावाच्या दात्याचा लेख आहे. त्याने दिला तो फक्त दर्शनी भाग. बाराव्या लेण्यातला लेख घनामदड नावाच्या व्यापाऱ्याचं दान नोंदवतो. ही ख्रिस्तपूर्व काळातली मंडळी. पुढे पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने सोळावं लेणं खोदवलं. या दुसऱ्या बहराचा शेवट मात्र विदारक आहे. चोविसावं लेणं पुरं झालं असतं तर अजिंठ्यातल्या सर्वांत मोठ्या विहारांत त्याची गणना झाली असती. आज तिथे अर्धवट तासलेले खांब दिसतात. कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांच्या मांडणीप्रमाणे हरिषेणाच्या मृत्यूनंतर काही थोड्या वर्षांतच इथला पैशाचा ओघ आटला. त्यांची कालगणना सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही, पण राजाश्रय तुटला आणि छिन्नी थांबली याबद्दल फारसा वाद नाही.

आता नाशिकच्या पांडवलेण्यांतलं दहावं लेणं पाहा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ते भिक्खुसंघाला दिलं, आणि लेण्याबरोबर तीन हजार कार्षापण नाण्यांची अक्षयनीवी दिली. म्हणजे मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढं वापरायचं. दोन हजार कार्षापण गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा दरशेकडा एक या दराने, आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. दोन हजारांचं वर्षाचं व्याज होतं दोनशे चाळीस. लेख सांगतो की लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावेत. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. पैचाही फरक नाही! उरलेल्या हजाराचं व्याज किरकोळ खर्चाला. सगळा व्यवहार निगमसभेत जाहीर करून दफ्तरात नोंदवला असंही कोरलं आहे. किती माणसं राहणार, त्यांना काय लागणार, ते कशातून येणार आणि रक्कम कोणत्या दोन ठिकाणी ठेवायची, हे सारं लेण्याच्याच भिंतीवर लिहिलेलं आहे. आजच्या कुठल्याही अनुदानाच्या अर्जात मला इतका नेटका हिशेब क्वचित दिसतो.

आजचे नियम तर नेमके उलट दिशेने ओढतात. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. २२ जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीने या पैशातून उभी राहणारी इमारत किंवा यंत्रसामग्री कुणाच्या नावावर असावी हे ठरवून दिलं: सार्वजनिक न्यास, नोंदणीकृत संस्था, लाभार्थींचे बचतगट किंवा सरकारी यंत्रणा. म्हणजे इमारतीला मुभा आहे. पण त्याच तारखेपासून कोणत्याही संस्थेच्या कायम निधीला, आपण ज्याला कॉर्पस म्हणतो त्याला, दिलेली रक्कम या खर्चात धरली जात नाही. उषवदाताने आज कंपनी काढली असती तर लेणं चाललं असतं, अक्षयनीवी लेखापरीक्षकाने खोडली असती. खासदार निधीचंही तेच. वर्षाला ५ कोटी, पण टिकाऊ सामुदायिक मालमत्तेसाठी. आवर्ती खर्चाला त्यात वाव नाही. बाबू जगजीवनराम छात्रावास योजनेत स्वयंसेवी संस्थांना अनुसूचित जातीच्या मुलींच्या चालू वसतिगृहाच्या विस्तारासाठी केंद्राकडून ९० टक्के रक्कम मिळण्याची तरतूद होती, मात्र चालवण्याचा आणि देखभालीचा भार संस्थेवरच. देणाऱ्याचं मनही नियमांपेक्षा वेगळं नसतं. कोनशिलेवर नाव कोरता येतं. संडासाची टाकी उपसल्याच्या पावतीवर कोण कोरणार?

यावर पहिला आक्षेप असा की, आयता पैसा मिळाला की संस्था सुस्तावतात. रोजचा खर्च लोकांकडून उभा करावा लागला तरच त्या लोकांशी बांधलेल्या राहतात. यात तथ्य आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने घरटी मूठमूठ धान्य गोळा करून बोर्डिंगं चालवली आणि त्या मुठीतूनच रयतेची संस्था घडली. पण त्याच इतिहासात भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडलं हे आपण अभिमानाने सांगतो आणि पुढे सरकतो. इतका त्याग हा व्यवस्थेचा नियम कसा असू शकेल? शिवाय मूठभर धान्य द्यायलाही घरात धान्य लागतं. ऊसतोडीला अर्धं वर्ष बाहेर असणाऱ्या वस्तीकडून लोकवर्गणीची अपेक्षा धरणं म्हणजे ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांनाच बिल लावणं.

दुसरा आक्षेप महागाईचा, आणि तो जास्त टोकदार आहे. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाखांची देणगी जाहीर केली; साडेतीन टक्क्यांनी तिचं वार्षिक उत्पन्न ५२,५०० रुपये. तेव्हा त्यावर विद्यापीठ उभं राहिलं, आज तेवढ्यात एका शिक्षकाचा एक महिन्याचा पगारही भागायचा नाही. कायम निधी असा झिजत जातो हे खरंच. म्हणून त्यावर पगार आणि जेवण चालवायचा हट्ट धरू नये. तो सरकारी अनुदानाचा आणि चालू देणग्यांचा प्रांत. निधीने इमारत जिवंत ठेवावी: वीज, पाणी, छताची गळती, रंग, टाकी, मोटार. समजा एक कोटीचं वसतिगृह आहे आणि त्यासोबत २० लाख बाजूला ठेवले. सात टक्क्यांनी वर्षाला १ लाख ४० हजार येतात. त्यातले ४० हजार मुद्दलात परत टाकले तरी एक लाख हाताशी उरतात. पन्नास मुलींच्या इमारतीला याने श्रीमंती येणार नाही, पण पहिल्याच पावसाळ्यात गळकं छत बघत बसायची वेळही येणार नाही.

मग गैरव्यवहाराचं काय, असं विचारलं जातं. मला हा आक्षेप उलट्या बाजूने लागू पडतो असं वाटतं. न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, म्हणून इमारत सुरक्षित समजली जाते. पण बंद पडलेली इमारत विकावी लागत नाही. ती हळूहळू मंगल कार्यालय होते, गोदाम होते, एखाद्या विश्वस्ताच्या भावकीचं घर होते. कागदावर वसतिगृहच असतं. व्याजाचा हिशेब मात्र दरवर्षी बँकेच्या उताऱ्यावर दिसतो आणि लेखापरीक्षणात लपवणं अवघड जातं.

खरा अवघड प्रश्न वेगळाच आहे: प्रत्येक वंचित समाजाला इमारत हवी असतेच का? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संभाजीनगरच्या जनार्थ संस्थेने कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवल्या. हंगाम संपला की फड उठतो, तिथे पक्की वास्तू कुणासाठी बांधणार? पुढे मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहांची वाट निघाली. त्यात मुलं नातेवाइकांकडे राहतात आणि जेवणाची सोय गावात होते, म्हणजे खर्च जवळजवळ सगळा आवर्ती. राज्य सरकारने २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांसाठी ८२ वसतिगृहं ठरवली, तेव्हा सुरुवात भाड्याच्या इमारतींतूनच झाली, आणि ते योग्यच होतं. आधी मुलं टिकतात का ते पाहावं, मग विटा रचाव्यात. भांडवली अनुदान हे चालू कामाच्या पाठीशी यायला हवं. तीन-चार हंगाम भाड्याच्या जागेत काम दाखवलेल्या संस्थेला इमारत द्यावी, आणि नवशिक्या संस्थेला आधी भाडं द्यावं.

यासाठी नवा कायदा लागणार नाही. कंपन्यांच्या सामाजिक खर्चाच्या नियमांत एवढीच सवलत हवी की, त्यांच्याच पैशातून बांधलेल्या मालमत्तेच्या देखभालीपुरता राखीव निधी, मालमत्तेच्या किमतीच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत, ग्राह्य धरावा. ही सवलत मिळेपर्यंत कंपनी देखभालीचा करार करून दरवर्षीच्या खर्चात ती रक्कम दाखवू शकते. आमदार-खासदार निधीच्या प्रस्तावाला जिल्हाधिकारी कार्यालय जसा जागेचा सातबारा मागतं, तसाच विजेचं बिल कोण भरणार याचा लेखी ठराव आणि त्यासाठीचं बँक खातं मागायला हरकत नाही. फर्दापूरच्या केंद्राच्या वेळी हा एक कागद मागितला गेला असता, तर निदान कुलूप लागण्याआधी भांडायला एक ठरलेलं टेबल तरी सापडलं असतं.