मुलीचे मैदान सोडवू नका



ज्वारी पोटरीत असताना पाण्याचा ताण बसला, तर कणीस बाहेर पडते पण दाणा भरत नाही. मुलीची सातवी ते दहावीची वर्षे तशीच असतात. नेमके तेव्हाच घरात निघते, "पोरगी मोठी झाली, आता मैदानावर कशाला?" आधी खेळ सुटतो, मग शाळा, आणि पाठोपाठ सोयरिकीची बोलणी सुरू होतात.

सातारा जिल्ह्यातील माण हा दुष्काळी तालुका. तिथल्या मोही गावच्या शेतकरी कुटुंबातील ललिता बाबर शाळेत खो-खो खेळत. पुढे त्या लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळल्या. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई मॅरेथॉनमध्ये त्या भारतीय महिलांत दुसऱ्या आल्या. त्याच वर्षी ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी आशियाई अजिंक्यपद मिळवले. २०१६ साली रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठून त्या दहाव्या आल्या. ट्रॅकवरच्या शर्यतीत भारतीय महिलेने अंतिम फेरी गाठली ती १९८४ च्या पी. टी. उषांनंतर, ३२ वर्षांनी! पुढे त्यांची उपजिल्हाधिकारी म्हणून नेमणूक झाली.

आता तुम्ही म्हणाल, अशी मुलगी लाखात एक. खरे आहे. पण बाकीच्यांचाही तोटा नाही. संघाबरोबर एसटीने तालुक्याला जाणारी मुलगी सगळ्या जातींच्या मैत्रिणींबरोबर एका डब्यात जेवते, परक्यांशी धीटपणे बोलते, हरून पुन्हा उभी राहते.

एक मात्र ध्यानात ठेवा. राज्य शासनाच्या नोकरीत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, पण पदासाठी लागणारे शिक्षण पूर्ण असावेच लागते. म्हणून खेळासाठी अभ्यास सोडू नये आणि अभ्यासासाठी खेळ.

तुम्ही काय कराल? शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात, तेव्हा जन्मदाखला नीट ठेवा. स्पर्धेची प्रमाणपत्रे जपा. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी ती लागतात. भाकरीबरोबर मुगाची उसळ, शेंगदाणे-गूळ, दूध मुलाइतकेच मुलीलाही द्या. मुलगी चमकली, तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना भेटा. बोरिवली-अंधेरीकडे नातलग असतील, तर त्यांना कांदिवलीच्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात चौकशी करायला सांगा.

यंदा खुरपणीला एक मजूर जास्त लागला तरी चालेल, पण मुलीचे नाव शाळेच्या पटावरून कमी करू नका.