पाऊलवाटेपर्यंत नेणारी मोटार

कुंभकोणम हे शहर कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या दरम्यान वसले आहे. भोवतालचा प्रदेश भातशेतीचा व सपाट आहे. त्यामुळे येथील रहिवाशास डोंगरात हिंडण्याची हौस असेल, तर त्याला तंजावर व तिरुचिरापल्ली मागे टाकून नामक्कल जिल्ह्यातील कोल्ली डोंगरापर्यंत, म्हणजे दीडशे किलोमीटरांहून अधिक अंतर, जावे लागते. तेथील घाटरस्त्यास ७० तीव्र वळणे आहेत. तो चढून गेल्यावर आगाय गंगै धबधब्याकडे नेणारी हजाराहून अधिक पायऱ्यांची वाट लागते.

अशा प्रवासासाठी मोटार कशी निवडावी? बहुतेक प्रवास सपाटीवरून होत असला, तरी मोटारीची खरी परीक्षा शेवटच्या घाटात होते. तीव्र वळणावर लांब मोटारीपेक्षा थोड्या जागेत वळणारी आखूड मोटार सोयीची. मोटारीचा तळ जमिनीपासून पुरेसा उंच असावा. मात्र माणसे व सामान चढल्यावर ही उंची घटते, हे ध्यानात ठेवावे. चारही चाकांना शक्ती पुरविणारी महागडी यंत्रणा डांबरी घाटासाठी आवश्यक नाही.

सर्वांत महत्त्वाचा विचार उताराचा होय. माणसांसह १,२०० किलोग्रॅम वजनाची मोटार १,००० मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे ३७ लिटर पाण्यास उकळी आणण्याइतकी ऊर्जा मुक्त होते. हा सारा भार ब्रेकवर टाकल्यास ते तापतात आणि त्यांची पकड सुटू लागते. यावर उपाय म्हणजे खालच्या गिअरमध्ये राहून इंजिनाच्या रोधाने वेग आवरणे. इंधन वाचविण्यासाठी गिअर काढून उतरणे हे तर संकटास आमंत्रणच होय. म्हणून स्वयंचलित गिअरची मोटार घेताना खालचा गिअर हाताने निवडता येतो की नाही, हे अवश्य पाहावे. विजेवरील मोटार उतारावरील ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत साठविते. परंतु बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल, तर ही सोय निरुपयोगी ठरते.

दिवसभर चालून पाय व मन थकलेले असतानाच हा उतार उतरावयाचा असतो. चालकाच्या थकव्याच्या घटकेला जी वेग सहज आवरू देते, तीच मोटार या कामासाठी योग्य समजावी.