शाळेत ई-स्कूटर? आधी हे वाचा

अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर नागाव, चौलकडे शाळा सुटली की ई-स्कूटरवर मुलं दिसतातच. पालक म्हणतात, "हिला लायसन लागत नाही." अर्धं खरं!

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटर 250 वॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि बॅटरी वगळून वजन 60 किलोपर्यंत असेल, तरच लायसन आणि नंबर प्लेटमधून सूट. शिवाय गाडीला एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता हवी. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, कागद मागा.

वेगाचं लॉक काढलंत की सूट गेली, ती मोटार वाहनच. मग चालवणारा अल्पवयीन असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 199अ: पालक किंवा मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, नोंदणी 12 महिने रद्द, मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन नाही.

हेल्मेट सूटवाल्या गाडीवरही घालाच. वाडीच्या वळणांवर वाळू असते, शनिवारी पर्यटकांच्या गाड्या सुसाट असतात आणि आपल्या गाडीचा आवाज कुणाला येत नाही. हॉर्न वाजवा. ट्रिपल सीट तर नकोच.

खाऱ्या हवेने चार्जिंगचे पिन गंजतात. ब्रेकबरोबर तेही तपासत जा.